विकास सोसायटीचे संगणकीकरण: कमी खर्चात आखणी कशी करावी

गावातील विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, म्हणजेच विकास सोसायटी, शेतकऱ्याच्या दृष्टीने बँकच असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती बँक नाही. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ३ ने प्राथमिक कृषी पतसंस्थांना, म्हणजे अशा सोसायट्यांना, त्या अधिनियमाबाहेर ठेवले आहे. त्यामुळे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या शाखांमध्ये कोअर बँकिंग (सर्व शाखांची खाती एकाच संगणक प्रणालीवर) आले, तरी त्याच शाखांतून कर्ज उचलून सभासदांना वाटणाऱ्या सोसायट्यांचे दप्तर बहुतेक ठिकाणी हातानेच लिहिले जात राहिले. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० कार्यरत सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद ठरली, त्यात केंद्राचा वाटा १,५२८ कोटी रुपयांचा होता आणि राष्ट्रीय पातळीवरील समान सॉफ्टवेअरची जबाबदारी नाबार्डकडे (राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेकडे) सोपवण्यात आली. तेव्हापासून सोसायटीचे दप्तर सांभाळणाऱ्या अनेक नव्या गटसचिवांसमोर आणि नव्याने निवडून आलेल्या संचालकांसमोर हा विषय अचानक येऊन उभा राहिला आहे.

त्यांच्यासाठी पहिली सूचना अशी की यंत्रापासून सुरुवात करू नये. संगणक, प्रिंटर आणि बॅटरी या गोष्टी एका दिवसात विकत आणता येतात. चुकीच्या शिलका मात्र एकदा यंत्रात शिरल्या की वर्षानुवर्षे निघत नाहीत, आणि त्या दुरुस्त करण्याचा खर्च कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. म्हणून कमी खर्चाची आखणी म्हणजे मुख्यतः दप्तराची आखणी.

सोसायटी कोठे उभी आहे ते आधी पाहावे

तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयातून आणि जिल्हा बँकेच्या शेती कर्ज विभागातून आपल्या सोसायटीचे नाव योजनेच्या यादीत आहे का, याची लेखी खात्री करून घ्यावी. नाव असेल तर समान सॉफ्टवेअर, यंत्रसामग्री, जुन्या नोंदींचे डिजिटायझेशन आणि प्रशिक्षण हे योजनेचेच भाग आहेत. अशा वेळी संचालक मंडळाने स्वतंत्र सॉफ्टवेअर विकत घेण्याचा ठराव करणे म्हणजे एकाच कामासाठी दोनदा पैसे देणे होय. विक्रेता कितीही घाई करत असला, तरी हा प्रश्न सुटेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.

योजनेत असूनही काही खर्च प्रत्यक्षात सोसायटीच्याच अंगावर येतात. खोलीची डागडुजी, वीजजोडणी व अर्थिंग, कागद आणि शाई, इंटरनेटचे मासिक बिल, आणि नोंदी तपासण्यासाठी जाणारा माणसांचा वेळ हे ते खर्च होत. अंदाजपत्रक यांच्यासाठीच करायचे असते. नाव यादीत नसेल तर मात्र सर्वच खर्चाचा विचार करावा लागेल. तेव्हा एकरकमी किंमत देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरपेक्षा वार्षिक भाड्याने मिळणारे, क्लाउडवर चालणारे सॉफ्टवेअर लहान सोसायटीला सहसा परवडते, कारण सर्व्हर सांभाळण्याचे काम गावात करावे लागत नाही.

खर्च नेहमी पाच वर्षांचा काढावा. खरेदीच्या दिवशी स्वस्त वाटणारा प्रिंटर शाईच्या खर्चाने महाग पडतो, बॅटरी पाच वर्षांच्या आतच बदलावी लागते, आणि सॉफ्टवेअरचे वार्षिक देखभाल शुल्क पहिल्या वर्षी माफ असले तरी दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. वेगवेगळ्या विक्रेत्यांची तीन दरपत्रके मागवून ती पाच वर्षांच्या एकूण आकड्यावर आणून शेजारी शेजारी ठेवली, तर पहिला क्रमांक बऱ्याचदा बदलतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रक मंजूर करून घेताना हाच आकडा सांगावा.

सभासदांची नावे

कामाची खरी सुरुवात सभासद नोंदवहीपासून, म्हणजे नमुना 'आय'पासून होते. येथे जो वेळ जातो तो वाया गेला असे कोणी समजू नये.

एकाच सभासदाचे नाव सोसायटीच्या रजिस्टरात 'बाळू धोंडी', सातबाऱ्यावर 'बाळकृष्ण धोंडीराम' आणि आधार कार्डावर 'बालकृष्ण धोंडिराम' असे असते. वहीत लिहिणाऱ्या सचिवाला तो माणूस ठाऊक असतो, त्यामुळे अडत नाही. यंत्राला मात्र हे तीन वेगळे लोक वाटतात. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत आणि त्यानंतर २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत माहिती शेतकरीनिहाय आणि आधारनिहाय संगणकावर भरावी लागली, तेव्हा नावांतील असा फरक किती महाग पडू शकतो हे सहकार खात्यापासून सभासदापर्यंत सर्वांनी पाहिले आहे. म्हणून प्रत्येक सभासदासाठी एक कायमचा सभासद क्रमांक ठरवावा आणि त्यासमोर रजिस्टरातील नाव, आधारवरील नाव, सातबारा व आठ-अ वरील नाव, गट क्रमांक, क्षेत्र, मोबाइल क्रमांक आणि वारसाचे नाव असा एक तक्ता तयार करावा. ओळख पटवण्यासाठी क्रमांक वापरावा आणि नाव केवळ वाचण्यासाठी ठेवावे.

मयत सभासदांचा प्रश्न याच टप्प्यावर हाताळावा. वारस नोंद झालेली नसेल तर ते खाते 'मयत, वारस नोंद प्रलंबित' अशा स्पष्ट शेऱ्यासह भरावे. खाते मुलाच्या नावावर परस्पर चढवू नये, कारण भागभांडवल, कर्ज आणि मतदानाचा हक्क या तिन्ही गोष्टी त्या एका नोंदीला चिकटलेल्या असतात.

काही सोसायट्यांनी पूर्वी स्वतःहून याद्या संगणकावर टंकल्या आहेत आणि त्या तयार असल्यामुळे काम अर्धे झाले असे त्यांना वाटते. त्या याद्या कोणत्या फाँटमध्ये आहेत, हे आधी पाहावे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ असतो, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरताच सगळी नावे निरर्थक चिन्हे होऊन बसतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार असलेली नावे एकेक करून तपासावी लागतात. 'सूर्यकांत', 'ज्ञानेश्वर', 'श्रीरंग' ही नावे नीट उतरली असतील तर बाकीची बहुधा ठीक असतात, एवढा अंदाज चाचणीपुरता पुरेसा आहे. नवीन टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करावे.

वेळेचा हिशेब साधा आहे. ६०० सभासदांची सोसायटी धरली आणि एका सभासदाची माहिती गोळा करून, भरून, तपासायला १५ मिनिटे धरली, तर १५० तास होतात. दिवसाला सलग सहा तास काम झाले तरच ते २५ दिवसांत उरकते. गटसचिवाकडे बऱ्याचदा दोन-तीन सोसायट्या असतात, शिवाय वसुली, बैठका आणि बँकेच्या फेऱ्या चालूच असतात. म्हणजे हे काम त्याने एकट्याने करावे अशी अपेक्षा ठेवली तर हंगाम उलटतो. गावातील टंकलेखन येणाऱ्या एखाद्या पदवीधर मुलाला किंवा मुलीला दोन महिन्यांसाठी मानधनावर घेणे हा संपूर्ण आराखड्यातील सर्वांत फायदेशीर खर्च ठरतो. तपासणी मात्र सचिवानेच करावी, आणि तपासलेल्या प्रत्येक पानावर सही करावी.

शिलका आणि व्याज

माहिती भरल्यानंतर प्रश्न येतो तो आरंभीच्या शिलकांचा. येथे तीन बेरजा जुळल्याच पाहिजेत. सभासदनिहाय कर्जखतावणीची बेरीज तेरीज पत्रकातील (सर्व खात्यांच्या शिलकांच्या गोषवाऱ्यातील) येणे कर्जाशी जुळली पाहिजे, भागांच्या खात्यांची बेरीज वसूल भागभांडवलाशी जुळली पाहिजे, आणि जिल्हा बँकेचे देणे शाखेने दिलेल्या शिल्लक प्रमाणपत्राशी जुळले पाहिजे.

या व्यतिरिक्त अनिष्ट तफावत वेगळी काढून ठेवावी. सोसायटी बँकेला जितके देणे लागते त्यापेक्षा सभासदांकडून येणे कमी असेल, तर तो फरक सॉफ्टवेअर नाहीसा करत नाही, फक्त उघड करतो. आकडे जुळत नाहीत म्हणून फरकाची रक्कम अनामत (तात्पुरत्या नोंदीच्या) खात्यात टाकून पुढे जाण्याचा मोह होतो आणि अनेकदा माहिती भरणारी माणसेही घाईपोटी तोच सल्ला देतात. तो मानू नये. फरक किती, कोणत्या वर्षापासूनचा आणि कशामुळे, याचे टिपण लेखापरीक्षकाच्या सहीने तयार करून संचालक मंडळासमोर ठेवावे, आणि मगच ती रक्कम त्याच नावाने यंत्रात भरावी. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ खालील लेखापरीक्षणात हे टिपण उपयोगी पडते. ते नसेल तर जुन्या फरकाचे उत्तर नव्या सचिवाला द्यावे लागते.

व्याजाची आकारणी हा दुसरा गाठीचा विषय आहे. समजा एका सभासदाने १ जूनला ८०,००० रुपये उचलले आणि ३१ मार्चला भरले. दर ७ टक्के धरला आणि वहीच्या जुन्या सवयीने दहा महिने मोजले तर व्याज ४,६६६ रुपये ६७ पैसे होते. संगणक दिवस मोजतो. १ जून ते ३१ मार्च हे ३०३ दिवस होतात आणि व्याज ४,६४८ रुपये ७७ पैसे निघते. उचल आणि भरणा असे दोन्ही दिवस धरले तर ३०४ दिवस होऊन ४,६६४ रुपये ११ पैसे. रक्कम किरकोळ दिसते; पण ६०० खात्यांवर सरासरी १८ रुपयांचा फरक पडला तर तो १०,८०० रुपयांचा होतो आणि सोसायटीचे व्याज बँकेच्या आकारणीशी जुळत नाही. म्हणून दिवस कसे मोजायचे, रुपया पूर्णांकात कसा आणायचा आणि थकबाकीवर जादा व्याज कोणत्या तारखेपासून लावायचे, हे जिल्हा बँकेची पद्धत पाहून लेखी ठरवावे. मग वेगवेगळ्या प्रकारची दहा-बारा खाती हाताने सोडवून सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडून पाहावीत. त्यात एक वेळेत भरलेले, एक थकीत, एक अर्धवट भरलेले, एक पुनर्गठन झालेले (परतफेडीची मुदत नव्याने बांधून दिलेले) आणि एक मयत सभासदाचे खाते अवश्य असावे.

शून्य टक्के व्याजाच्या सवलतीमुळे हे अधिकच महत्त्वाचे झाले आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला व्याज भरावे लागत नसले, तरी व्याज आकारावे तर लागतेच, कारण केंद्र आणि राज्य यांच्या परताव्याचा प्रस्ताव त्याच सभासदनिहाय आकड्यांवर उभा असतो. परतफेडीची तारीख एका दिवसाने चुकीची पडली तर सभासद सवलतीतून बाहेर जातो आणि तक्रार घेऊन सचिवाकडे येतो.

या सर्व शिलका तयार झाल्यावर, त्या यंत्रात कायम करण्यापूर्वी, त्यांचे चावडी वाचन, म्हणजे गावात सर्वांसमोर जाहीर वाचन, करावे. सभासद क्रमांक, नाव, भागरक्कम आणि येणे कर्ज एवढेच वाचायचे. आधार क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक जाहीर वाचायचे नाहीत. स्वतःची थकबाकी चारचौघांत वाचली जाऊ नये अशी कोणाची इच्छा असेल, तर त्याला घरपोच चिठ्ठी द्यावी. पाच-दहा चुका एका संध्याकाळी सापडतात आणि या तपासणीला एक रुपयाही लागत नाही. सभासदांचा नव्या व्यवस्थेवरचा विश्वासही येथेच ठरतो.

वेळापत्रक

सोसायटीचे वर्ष शेतीच्या चालीने चालते, त्यामुळे तारखा ठरवताना विक्रेत्याच्या सोयीपेक्षा हंगाम पाहावा. मार्च हा वसुलीचा महिना आहे आणि एप्रिल ते जून हा खरीप पीक कर्जवाटपाचा काळ आहे. या दोन्हींत सचिवाला नवी पद्धत शिकायला सवड नसते. म्हणून सभासदांची माहिती ऑक्टोबर ते जानेवारीत भरून पूर्ण करावी, ३१ मार्चचा ताळेबंद हाच शिलकांचा पाया धरावा, आणि एप्रिलमध्ये केवळ शिलका भराव्यात. सप्टेंबरअखेरपर्यंत वही आणि संगणक दोन्ही चालवावेत. मार्चअखेरच्या तीन बेरजा जुळल्या नाहीत तर शिलकांची तारीख ३० सप्टेंबरवर ढकलणे हा कमीपणा नाही. न जुळलेल्या शिलकांवर उद्घाटनाची फीत कापणे हाच खरा तोटा.

काय आधी आणि काय नंतर हेही ठरलेले असावे. सभासद, भाग, कर्ज आणि रोजकीर्द ही पहिली फेरी होय. खत-बियाण्यांचा साठा, स्वस्त धान्य दुकान, ठेवी आणि लाभांश ही दुसरी फेरी असावी. सगळे एकदम सुरू करण्याचा हट्ट धरला की काहीच धड सुरू होत नाही.

खोली, वीज आणि यंत्र

एका सोसायटीला बहुतेक वेळा एकच संगणक पुरतो. मध्यम क्षमतेचा, एसएसडी असलेला आणि किमान तीन वर्षांच्या वॉरंटीचा संगणक घ्यावा, आणि दुरुस्तीसाठी माणूस तालुक्यातून येईल का हे विचारूनच घ्यावा. विजेचा लपंडाव फार असेल तर लॅपटॉप अधिक सोयीचा, कारण त्याची स्वतःची बॅटरी असते आणि तो कमी वीज घेतो.

डेस्कटॉप संगणक, पडदा आणि राऊटर मिळून सुमारे १३० वॉट वीज घेतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास साठतात. इन्व्हर्टरमधील घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची शिस्त धरली तर त्यातले साधारण हजार हाती येतात. म्हणजे सात तासांच्या आसपास काम चालते. लेझर प्रिंटर मात्र या बॅटरीवर जोडू नये, कारण तापताना तो शेकडो वॉट एकदम ओढतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड'चे बटण असेल तर ते चालू ठेवावे, नाहीतर वीज जाताना संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे; गावातील यंत्रे वीज पडून किंवा दाब वाढून जेवढी जळतात तेवढी वापराने झिजत नाहीत.

पावत्यांसाठी डॉट मॅट्रिक्स की शाई-टाकीचा प्रिंटर, हा वाद ऐकू येतो. कार्बन लावून दोन प्रती एकदम हव्या असतील तर डॉट मॅट्रिक्सला पर्याय नाही. पण देवनागरी मजकूर तो चित्रासारखा छापतो, म्हणून वेग कमी पडतो. इतर सर्व कामांना शाई-टाकीचा प्रिंटर स्वस्त पडतो.

इंटरनेटसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवावीत. कोणती कंपनी घ्यायची हे मोबाइल दुकानात न ठरवता, सोसायटीच्या टेबलावर बसून सकाळी आणि सायंकाळी वेग मोजून ठरवावे. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची जोडणी चालू असेल आणि कार्यालय त्याच आवारात असेल तर तीही विचारात घ्यावी.

करार

स्वतंत्र सॉफ्टवेअर घेताना करारात काही अटी नसतील तर सही करू नये. सर्व माहितीची मालकी सोसायटीची राहील. सोसायटी मागेल तेव्हा संपूर्ण माहिती एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलच्या स्वरूपात विनाशुल्क मिळेल. करार संपल्यावर किमान सहा महिने माहिती वाचता येईल. व्याजदर किंवा शासनाची योजना बदलली तर सुधारणा किती दिवसांत आणि किती पैशांत होईल. तक्रार केल्यावर माणूस किती तासांत फोन उचलेल. शेवटची रक्कम पहिले लेखापरीक्षण नव्या पद्धतीतून पार पडल्यावरच द्यावी. यातील माहिती परत मिळण्याची अट सर्वांत आधी मागावी, कारण ती नसलेली सोसायटी पुढे वार्षिक शुल्क कितीही वाढले तरी विक्रेत्याला सोडू शकत नाही.

रोजचे काम आणि सुरक्षितता

पासवर्ड सचिवाचा वेगळा आणि लिपिकाचा वेगळा असावा. नोंद एकाने करावी आणि मंजुरी दुसऱ्याने द्यावी, ही पद्धत माणसे कमी असली तरी सोडू नये; दुसरा माणूसच नसेल तर कर्जवाटपाच्या नोंदींवर अध्यक्षांनी किंवा बँकेच्या निरीक्षकाने आठवड्याला छापील यादी पाहून सही करावी. भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड आणि सचिवाच्या बोटाऐवजी कोणाचेही बोट चालणारे बायोमेट्रिक यंत्र, या दोन्ही गोष्टी अपहाराच्या चौकशीत सचिवालाच भोवतात. आधार कार्डाच्या छायाप्रती उघड्या फायलीत ठेवू नयेत. सभासदांच्या वैयक्तिक माहितीची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे.

दिवस बंद करण्यापूर्वी हातातील रोख मोजून ती संगणकावरील रोख शिलकेशी जुळवावी आणि त्या दिवसाची रोजकीर्द छापून सही करून फायलीत लावावी. महिनाअखेरीस तेरीज आणि सभासदनिहाय शिल्लक यादी पीडीएफमध्ये काढून दोन पेनड्राइव्हवर ठेवावी. त्यांपैकी एक सोसायटीच्या कपाटात आणि दुसरा बँकेच्या शाखेत किंवा अध्यक्षांकडे सीलबंद असावा. क्लाउडवर सर्व सुरक्षित आहे म्हणून ही प्रत टाळू नये. वाटपाच्या दिवशी इंटरनेट बंद पडले तर सभासदाची मागील बाकी सांगायला तीच यादी उपयोगी पडते.

वही केव्हा बंद करावी

दुहेरी नोंदींचा काळ कंटाळवाणा असतो आणि तो अर्धवट सोडण्याकडे सर्वांचा कल असतो. एक निकष पाळावा. सलग तीन महिनाअखेरींना वहीची आणि संगणकाची तेरीज पैशापर्यंत जुळली, खरीप वाटपाची सर्व खाती दोन्हीकडे सारखी निघाली आणि एक व्याज सवलत प्रस्ताव संगणकावरून तयार होऊन बँकेने स्वीकारला, तर हस्तलिखित खतावणी बंद करण्याचा ठराव संचालक मंडळापुढे ठेवता येतो. ठरावात बंद करण्याची तारीख, प्रत्येक वहीचा शेवटचा पान क्रमांक आणि त्या पानावरील शिल्लक लिहावी, आणि त्याची प्रत सहायक निबंधकांना व लेखापरीक्षकाला पाठवावी. जुन्या वह्या रद्दीत द्यायच्या नाहीत. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुलीच्या दाव्यात किंवा वारसाच्या वादात मूळ नोंद आणि सही त्याच वहीत असते, म्हणून त्या वर्षानुसार क्रमांक घालून, उंदीर आणि ओल लागणार नाही अशा लोखंडी कपाटात ठेवाव्यात आणि त्यांची यादी संगणकातही भरावी.